बोर्ड लावलाय

दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून उभा असतो. खोपोलीतल्या आमच्या मंडळाच्या खोलीत गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, दोन ढोल, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि एक बंद पडलेला स्पीकर एवढीच त्याची सोबत. बाहेरून कुणी डोकावले तर त्याची फक्त पाठ दिसते. प्लायवूडमागच्या आडव्याउभ्या पट्ट्या, चार कोपऱ्यांत लोंबणाऱ्या जाळ्या आणि रंगाने लिहिलेले मंडळाचे नाव. पहिली पाळी करून, जेवून, झोप काढून आलेली माणसे संध्याकाळी जमू लागली की कुणीतरी आवाज देतो, ‘ए, बोर्ड लाव रे!’ मग दोघे त्याला दोन बाजूंनी उचलतात, स्टँडवर आडवा करतात, वरून सोडलेला दिवा लागतो आणि तो डोळे उघडतो.

त्याला तयार करण्याचे काम नानांचे. नाना कारखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे झाली, पण ही ड्युटी त्यांनी कुणाला दिलेली नाही. आधी ते दिवा खाली ओढतात, वीतभर अंतरावर, आणि बोर्डाला शेकू देतात. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसत जातात. चौकटीच्या आतल्या काठाशी कालची पावडर आणि धूळ मिळून बारीक रेघ धरते, तिथे फडके बोटाला गुंडाळून फिरवतात. नंतर चिमूटभर बोरिक पावडर, तीही चाळलेली. शेवटी स्ट्रायकर ठेवून समोरच्या फ्रेमवर एक सणसणीत टोला. स्ट्रायकर जातो, येतो, पुन्हा जातो. नाना कान देऊन ऐकतात. ‘अजून बसलाय,’ म्हणतात आणि दिवा परत खाली.

नाना करतात ती कॅरमच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेली परीक्षा आहे. पंधरा ग्रॅम वजनाचा गुळगुळीत स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला तर तो बोर्डावर किमान साडेतीन वेळा ये-जा करायला हवा. तेवढा धावला नाही तर बोर्ड स्पर्धेच्या लायकीचा नाही. बाकीची मापेही अशीच काटेकोर आहेत. खेळायची जागा ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर. सोंगटी फार तर ३.१८ सेंटिमीटरची, आणि स्ट्रायकर ४.१३ पर्यंत. म्हणजे सोंगटीला आत जाताना सव्वा सेंटिमीटरची मोकळीक आहे. स्ट्रायकर मात्र जेमतेम तीन मिलिमीटर सोडून त्याच दारातून आत पडू शकतो. पडला की ड्यू. कमावलेली सोंगटी परत बोर्डावर द्यावी लागते. मला हे माप फार विचारपूर्वक ठरवलेले वाटते. दार स्ट्रायकरलाही उघडे ठेवले आहे, म्हणून प्रत्येक फटक्यात सोंगटी कुठे जाईल याच्याबरोबर स्ट्रायकर कुठे थांबेल याचाही विचार करावा लागतो. नवखा आणि मुरलेला यांच्यातला फरक पहिल्यांदा दिसतो तो इथे.

आमच्याकडे मुले त्याला लहरी म्हणतात. काल चालत होता, आज चालत नाही. सकाळी डावीकडे ओढत होता, आता सरळ आहे. कर्जत-खालापूरच्या पावसात राहून कुणालाही तसे वाटेल. समुद्रावरून आलेले ढग घाटाला अडतात आणि जूनच्या मध्यापासून सगळे आमच्या अंगावर रिकामे होतात. भिंतीवर हात ठेवला तर तळवा ओला होतो. मीठ डब्यात पाणी सोडते. प्लायवूड म्हणजे एकावर एक चिकटवलेले लाकडाचे पातळ थर. ते हवेतला ओलावा पितात, फुगतात, आणि सपाट दिसणाऱ्या चेहऱ्याला कुठेतरी केसभर उंचवटा येतो. डोळ्याला दिसत नाही. हळू सोडलेली सोंगटी मात्र तिथे पोचल्यावर वाट वाकडी करते. एप्रिलमध्ये हाच बोर्ड इतका पळतो की नुसत्या टिचकीवर सोंगटी फ्रेमवरून उलटून मधल्या गोलात येते.

याला मी लहर म्हणत नाही. त्याच्यावरून जे गेले, हवा, हात, पावडर, घाम, त्या सगळ्याचा तो बरोबर हिशेब ठेवतो आणि विचारले की सांगतो. विचारावे मात्र लागते.

कसे विचारायचे ते मी दादरला पाहिले. राज्य मानांकन स्पर्धेचा शेवटचा दिवस होता, आणि पावसाळी रविवार. खोपोलीहून लोकल पकडली की लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत कर्जत, आणि तिथून पुढे दादरपर्यंत मिळून दोन तासांवर वेळ जातो. सभागृहात शिरलो तेव्हा उपउपांत्य फेरी सुरू होती. ओळीने बोर्ड लावलेले, प्रत्येकावर खाली सोडलेला दिवा, बाजूला पंच गुणपत्रिका घेऊन बसलेले. बाहेर दादरची गर्दी आणि आत इतकी शांतता की कुठल्या बोर्डावर सोंगटी जाळीत पडली ते आवाजावरून समजत होते. मधूनच ध्वनिक्षेपकावरून कुणाच्या तरी नावावर व्हाइट स्लॅमची नोंद झाल्याचे सांगत. ब्रेक करणाऱ्याने पहिल्याच पाळीत आपल्या नवाच्या नऊ सोंगट्या राणीसकट घेतल्या की व्हाइट स्लॅम. समोरच्याने आपल्या पहिल्या पाळीत तेच काळ्या सोंगट्यांवर केले तर ब्लॅक स्लॅम. आमच्या मंडळात असे काही घडले तर पेढे वाटतील. तिथे टाळ्या पडत आणि पुढचा बोर्ड लागे.

खेळाडू आपापला बोर्ड क्रमांक कळताच एकमेकांना विचारत होते. ‘सात नंबर आलाय.’ ‘सातचा डावीकडचा टाइट आहे हां, जपून.’ सगळे बोर्ड एकाच बनावटीचे, एकाच वेळी आलेले. तरी दोन दिवसांत प्रत्येकाचा स्वभाव ठरला होता आणि ती माहिती सभागृहभर झाली होती.

उपांत्य सामन्यासाठी एका बाजूला चाळिशीतले, बँकेत नोकरी करणारे, कित्येक वर्षे वरच्या मानांकनात असलेले खेळाडू बसले. समोर विशीतला मुलगा, त्या दिवशी भल्याभल्यांना हरवून आलेला. सामन्याआधी सरावाचे बोर्ड मिळतात. मुलाने ब्रेक मारून पाहिला, सटासट पाच-सहा सोंगट्या घेतल्या. हात गरम झाला. त्या गृहस्थांनी सराव म्हणून एकही सोंगटी घेतली नाही. सोंगट्या बाजूला सारून त्यांनी रिकाम्या बोर्डावर स्ट्रायकर सोडला. समोरच्या फ्रेमवर, मध्यम जोराने. परत कुठे येतो ते पाहिले. दोन बोटे सरकवून पुन्हा. मग उजव्या फ्रेमला घासून जाईल असा. मग डावीकडून. एकदा स्ट्रायकर परत येता येता मधल्या वर्तुळापाशी मंदावला तेव्हा ते थोडे पुढे वाकले आणि तीच वाट पुन्हा एकदा तपासली. समोर मुलगा बसला आहे याची जणू त्यांना दखलच नव्हती. त्यांचे बोलणे बोर्डाशी चालले होते.

सामना तीन गेमपर्यंत लांबला. तिसऱ्या गेमचा सातवा बोर्ड लागला तेव्हा गुण होते बँकवाल्यांचे २२ आणि मुलाचे १९. गेम पंचवीस गुणांचा, नाही तर आठ बोर्डांचा. बाविसाला पोचलेल्याला राणीचे तीन गुण मिळत नाहीत, पण राणी कुणीतरी घेऊन कव्हर केल्याशिवाय शेवटची सोंगटी घेता येत नाही. म्हणजे त्यांना राणीचा काही फायदा नव्हता, तरी तिला सोडून जाताही येत नव्हते. मुलाला मात्र राणीने एकदम तीन गुण दिले असते.

मुलाच्या चार काळ्या उरल्या होत्या, यांच्या दोन पांढऱ्या. पाळी यांची. राणी समोरच्या फ्रेमला चिकटून, डाव्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर. एक पांढरी उजव्या फ्रेमला चिकटलेली. दुसरी सगळ्यात अडचणीची, त्यांच्याच बाजूला, बेसलाइनच्या मागे, डाव्या पॉकेटच्या तोंडाशी. मागच्या सोंगटीला सरळ मारता येत नाही. अंगठ्याने उलटे मारता येते, पण तिथे स्ट्रायकर मागोमाग पॉकेटात जायचा धोका. नाहीतर समोरच्या फ्रेमवर आपटून सगळा बोर्ड ओलांडून परत आणायचा, म्हणजे डबल.

सभागृहात मागे उभ्या असलेल्यांसाठी बोर्डाच्या बरोबर वर कॅमेरा लावून पडद्यावर चित्र दाखवत होते. त्या चित्रात खेळाडूंचे चेहरे येत नाहीत. बोर्ड, सोंगट्या आणि आळीपाळीने आत येणारे दोन हात, एवढेच. मला ते फार आवडले. कोण किती नावाजलेला, कोण घामाघूम झाला, हे सगळे गळून पडते आणि उरतो तो बोर्ड आणि त्याला विचारलेला प्रश्न.

पहिला फटका राणीवर. जोर इतका कमी की मुलाने मान वर केली. स्ट्रायकर राणीच्या कडेला लागला, राणी फ्रेमला धरून सरकत गेली, पॉकेटच्या काठाशी क्षणभर डुलली आणि आत. आता लगेच पुढच्या फटक्यात स्वतःची सोंगटी घेऊन कव्हर हवे, नाहीतर राणी परत मध्ये. माझ्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले, ‘उजवी घे, उजवी घे.’ उजवी फ्रेमला चिकटलेली असली तरी समोर दिसत होती. त्यांनी मागची घ्यायचे ठरवले. आधी सोपी घेऊन अवघड शेवटाला ठेवली असती तर एका चुकीत बोर्ड मुलाकडे गेला असता. त्यांनी स्ट्रायकर बेसलाइनवर ठेवला, उचलला, अर्धा बोट डावीकडे सरकवला. आणि सरावात मारला होता त्याहून जरा जोरात मारला. स्ट्रायकर समोर आपटला, सगळा बोर्ड ओलांडून परत आला, पांढरीला नुसता स्पर्श केला. पांढरी जाळीत, स्ट्रायकर बाहेर.

तो ‘जरा जोर’ हा माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात मोठा खेळ होता. दुपारपासून सभागृह माणसांनी भरले होते, बाहेर पाऊस धरलेला होता, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवलेल्या. बोर्ड सकाळपेक्षा जड झाला होता. मुलाचा आधीच्या बोर्डातला एक डबल चार बोटे आधीच मेला होता. त्याला वाटले हात चुकला. यांनी तोच फटका बघून ओळखले की बोर्ड बसलाय. पावडर मागितली नाही, पंचांकडे पाहिले नाही. बोर्ड जसा झाला होता तसा त्यांनी मान्य केला. उरलेली पांढरी फ्रेमला घासून कापली, चार गुण, गेम, सामना. मुलाने उठून बोर्डावरून हात पुढे केला. नंतर बराच वेळ तो तिथेच बसून मोकळ्या बोर्डावर स्ट्रायकर फिरवत होता.

महाराष्ट्राने या खेळात जग जिंकलेली माणसे दिली आहेत. पुण्याचे योगेश परदेशी, मुंबईचे प्रशांत मोरे. प्रशांत मोरे यांनी २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला विश्व अजिंक्यपद आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुनचॉन इथे विश्वचषक जिंकला. २०२४ मध्ये अमेरिकेत चेन्नईच्या एम. काझिमाने तीन सुवर्णपदके घेतली. तिचे वडील ऑटोरिक्षा चालवतात. चेन्नईचे मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला तोही चेन्नईतच, १९८८ साली. बर्मिंगहॅमचा बोर्ड आणि आमच्या खोलीतला बोर्ड यांचे माप एकच आहे. ज्या चौकोनावर जगज्जेता ठरतो तोच चौकोन खोपोलीच्या पोराला रोज संध्याकाळी मिळतो, आणि त्यासाठी कुणाचे सभासदत्व लागत नाही. हे मला लहान वाटत नाही.

बिलियर्डच्या टेबलाचे तसे नव्हते. ते आधी क्लबात आणि लष्कराच्या मेसमध्ये राहिले. स्नूकर तर १८७५ मध्ये जबलपूरला लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्येच जन्मला म्हणतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्डचे जगज्जेते झाले, स्वतंत्र भारताचे कुठल्याही खेळातले पहिले वैयक्तिक जगज्जेते. तरीही टेबलाशी ओळख होण्याची संधी थोड्यांनाच मिळाली. आता पूलची टेबले कर्जतच्या फार्महाऊसांवर आली आहेत, पोहण्याच्या तलावाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. मुंबईहून आलेली मंडळी जेवण होईपर्यंत चार काठ्या फिरवतात आणि जातात. पावसाळ्यात त्यांचे कापड दमट होऊन बॉल जड चालतात. कुणी लक्ष देत नाही. मला त्या टेबलांचे वाईट वाटते, कारण मोठ्या स्पर्धांत त्यांच्या जातभाईंची किती निगा ठेवतात हे मी वाचले आहे. कापडाखालच्या स्लेटच्या दगडाला विजेने ऊब देतात, म्हणजे कापड कोरडे राहते आणि बॉल सरळ धावतो. आमचे नाना वीतभरावर दिवा ओढतात त्याचाच हा थोरला अवतार. टेबल जगभरात कुठेही असो, ओलाव्यापुढे सगळ्यांची तक्रार एक आणि औषधही एक.

त्या स्पर्धेनंतर वापरलेल्या बोर्डांपैकी एक आमच्या मंडळाला कमी किमतीत मिळाला. जुन्याचे प्लाय सुटत आले होते, वर्गणी जमलेली होती. दादरहून तो मालडब्यात चढवला, दोन थर प्लास्टिक गुंडाळून, तोंड आतल्या बाजूला. कल्याणपर्यंत भाजीच्या रिकाम्या टोपल्या आणि एक सायकल यांच्यामध्ये उभा होता. वांगणी सोडल्यावर पावसाने झोडपायला सुरुवात केली. मी आणि मंडळातला एक पोरगा दाराकडे पाठ करून त्याच्या पुढ्यात उभे राहिलो, खोपोली येईपर्यंत.

मुंबईत स्पर्धेभर उजेडात आणि माणसांत राहिलेला तो बोर्ड आमच्या खोलीत आल्यावर रुसला. पहिल्या संध्याकाळी स्ट्रायकर दोनदा जाऊन मध्येच थांबे. पोरे म्हणाली, ‘नाना, फसवलं आपल्याला.’ नाना म्हणाले, ‘नवीन जागा आहे, हवा लागू दे त्याला.’ आठवडाभर कुणाला खेळू दिले नाही. दिवा, फडके, थोडी पावडर, पुन्हा दिवा. एका बाजूला तो किंचित खाली होता. नानांनी स्टँडच्या पायाखाली पुठ्ठा घातला, बाटलीत पाणी घेऊन मधोमध आडवी ठेवली आणि आतल्या बुडबुड्यावरून पातळी बघितली. मग टोला मारला आणि तर्जनी, मधले बोट, अनामिका एकेक करून उघडली, आणि शेवटी करंगळी अर्धवट. साडेतीन.

आता त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ बसते ती आमच्या आळीतली दहावीतली मुलगी. मी दादरचा तो सामना सांगितला तेव्हा ती मान हलवून ऐकत होती, विचारले काही नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सोंगट्या डब्यात आणि ही रिकाम्या बोर्डावर डबल मारतेय, फ्रेमवर कुठे लागला की कुठे येतो ते मनात धरत. मुले कुरकुरली, ‘ताई, खेळायचं असेल तर खेळ ना.’ नानांनी त्यांना बाहेर ओट्यावर बसवले. तिने आपले आपण शोधून काढले आहे की पाऊस पडत असताना उजव्या फ्रेमवरून येणारा स्ट्रायकर नेहमीपेक्षा दोन बोटे आधी वळतो, आणि दिवा अर्धा तास जवळ ठेवला की ते अंतर एका बोटावर येते. नानांना हे माहीत नव्हते. त्यांनी दोनदा करून पाहिले आणि मानले.

तिला आता जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला पाठवायचे ठरले आहे. अडचण एक निघाली. नियमात स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर आहे, आणि आमचा स्टँड कुणीतरी फार पूर्वी उभ्याने खेळता यावे म्हणून उंच करून घेतलेला. त्यावर सराव झालेला हात खालच्या बोर्डावर वेगळा कोन धरेल. सुतार उद्या येतोय. चारही पाय सारखे कापले पाहिजेत, नाहीतर नानांचा सगळा पुठ्ठा पुन्हा पहिल्यापासून.